चौथी ते सातवीच्या मुलांना भूगोल-समाजशास्त्र शिकवायची सुरुवात कुठून करू? (ठाणे, घोडबंदर रोड)

घोडबंदरची_ताई

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत सुट्टीत मुलांसाठी काहीतरी करूया म्हणून मीटिंग झाली आणि चित्रकला, बुद्धिबळ वगैरे सगळं आधीच वाटून झाल्यामुळे भूगोल आणि समाजशास्त्र माझ्या गळ्यात पडलंय. मी स्वतः कॉमर्सवाली, भूगोलाशी संबंध दहावीनंतर संपला. दर रविवारी क्लबहाऊसमध्ये तास-दीड तास, मुलं चौथी ते सातवीची, अर्धी स्टेट बोर्डाची, अर्धी सीबीएसई, एक आयसीएसई. म्हणजे कुठलं एक पुस्तक धरून चालायचं तर ते पण नाही.

पहिल्या रविवारी नुसत्या गप्पा मारल्या. सातवीतल्या मुलाला अक्षांशाची व्याख्या तोंडपाठ, एका दमात म्हणून दाखवली. मग मी विचारलं की तुमच्या गॅलरीतून सूर्य उगवताना दिसतो का मावळताना, तर माहीतच नाही. दुसरी एक मुलगी, हुशार आहे खूप, "भारतात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पाऊस पडतो" असं पुस्तकातलं वाक्य बोलली, मी म्हटलं नैर्ऋत्य कुठेय दाखव बघू, तर तिने जरा विचार करून पंख्याकडे बोट दाखवलं. आणि "आपण कुठे राहतो?" याचं उत्तर सगळ्यांकडून एकच, बी विंग, सतरावा मजला.

नेटवर शोधलं तर भूगोलाच्या पाच थीम असं काहीतरी मिळालं. स्थान, ठिकाण, माणूस आणि पर्यावरण, ये-जा, प्रदेश. ऐकायला छान आहे पण उदाहरणं सगळी अमेरिकेतली, आमच्या मुलांना त्याचं काय करायचं. तर जे शिकवतायत किंवा ज्यांनी शिकवलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करायची? आणि प्लीज "चार्ट बनवून घ्या" सांगू नका, ते चार्ट आईच बनवते.

निवृत्त_मास्तर

ताई, तुमचा पंख्याचा किस्सा वाचून मी एकटाच हसत बसलो, कारण यात मुलीची काहीच चूक नाहीये. आपण नकाशा भिंतीवर टांगतो आणि सांगतो की वर उत्तर. मग पोराच्या डोक्यात उत्तर छताकडे आणि दक्षिण फरशीकडे जाते. माझ्या नोकरीत मी बाकी काही केलं नसेल पण नकाशा नेहमी जमिनीवर अंथरला, आणि अंथरून खऱ्या उत्तरेकडे फिरवून ठेवला. मुलं भोवती बसली की गोंधळ निम्मा तिथेच संपतो. मुंबई कुठल्या बाजूला, कल्याण कुठल्या बाजूला, हात करून दाखवायचं, मग नकाशात बघायचं.

तुम्ही म्हणता त्या पाच थीम १९८४ मध्ये अमेरिकेतल्या भूगोल शिक्षकांच्या आणि भूगोलतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून काढल्या. वाईट नाहीत, उलट नवख्या माणसाला धरून चालायला बऱ्या आहेत. पण त्या पाच खोक्यांत माहिती भरत बसलात तर परत पाठांतरच होणार. मी एकच प्रश्न सुचवतो, तो प्रत्येक गोष्टीला विचारायचा. हे इथेच का? बास. यात पाचही थीम येतात आणि इतिहास, नागरिकशास्त्र पण मागच्या दाराने येतं.

उदाहरण देतो, तुमच्याच गावचं. मुलांना विचारा, ठाणे स्टेशन बेटावर आहे का? सगळे नाही म्हणतील, पालकसुद्धा. आता नकाशा उघडा. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदी वसईच्या खाडीला मिळते, पश्चिमेला अरबी समुद्र. आपण साष्टी बेटावर राहतो, आणि कळवा, मुंब्रा खाडीपलीकडे म्हणजे मुख्य भूमीवर. शहर एकच, महापालिका एकच, पण मधून पाणी. रोज कळव्याहून शाळेला येणारं पोर रोज समुद्राचा एक फाटा ओलांडतं आणि त्याला ते ठाऊक नसतं.

मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. ठाण्याचा किल्ला, म्हणजे आत्ताचं मध्यवर्ती कारागृह, खाडीच्या काठावरच का? जो ती खाडी धरेल त्याच्या हातात बेट आणि घाटाकडची वाट. पोर्तुगीजांनी १७३० ला बांधायला घेतला, १७३७ ला मराठ्यांनी घेतला, १७७४ ला इंग्रजांनी. तीन सत्तांना तोच तुकडा हवा होता यातच उत्तर आलं की नाही? आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ३४ किलोमीटर येऊन ठाण्याला का थांबली? नकाशात बघा, पुढे खाडी आडवी. पूल झाल्यावर १८५४ ला गाडी कल्याणला गेली. सनावळ्या पाठ करायला लावू नका, खाडी बघायला लावा, सनावळ्या राहतात लक्षात.

आता सूर्याचं. गच्चीची किल्ली मिळते का बघा. एक सरळ काठी कुंडीत उभी करा आणि सकाळी दहापासून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. पहिली खूण पश्चिमेकडची. सगळ्या खुणा जोडल्या की साधारण पूर्व-पश्चिम रेघ मिळते, तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. होकायंत्र नको, मोबाईल नको. आणि गंमत बघा, मुलं ठामपणे सांगतील की बाराला सावली सगळ्यात लहान. होत नाही तसं. आपल्याकडे मे महिन्यात ती १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास सगळ्यात लहान होते. कारण घड्याळ आपलं नाही, ते ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखावृत्ताचं, मिर्झापूरजवळून जातं ते. आपण साधारण ७३ अंशावर. साडेनऊ अंशांचा फरक गुणिले चार मिनिटं, ३८ मिनिटं. मे मध्ये त्यातून तीनेक मिनिटं कमी होतात, ते का हे सातवीला सांगू नका, कोणी विचारलंच तर मला विचारा. मुंबईत जुना 'बॉम्बे टाइम' चालायचा तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि तो थेट १९५५ पर्यंत वापरात होता. घरात कोणी पणजोबा असतील तर विचारून बघायला सांगा.

आणि हो, १६ मेच्या आसपास ठाण्यात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, काठीची सावली गायब होते. दिल्लीत हे कधीच होत नाही कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर. एवढं एक दाखवलंत तर अक्षांश शिकवायला फळा लागणार नाही.

खारघर_सीबीएसईवाली

मास्तर, खूप छान लिहिलंय पण मी थोडी वेगळ्या मताची आहे, रागावू नका. मी सहावी-सातवीला शिकवते. "परिसरापासून सुरुवात करा" हे आम्हाला बीएडपासून ऐकवलं जातं आणि स्टेट बोर्डात तर तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तकच जिल्ह्याप्रमाणे वेगळं असायचं, ठाणे जिल्ह्याचं वेगळं, पुण्याचं वेगळं. कल्पना चांगलीच आहे. पण माझा अनुभव असा की दहा-अकरा वर्षांच्या मुलाला खाडीपेक्षा ज्वालामुखी आवडतो. त्याला अंटार्क्टिका हवा असतो, वाळवंट हवं असतं, एव्हरेस्ट हवा असतो. ते दूरचं आधी दिलं की डोळे चमकतात, मग तिथून घरी आणायचं. फक्त ठाणे ठाणे करत राहिलात तर तिसऱ्या रविवारी अर्धी मुलं स्विमिंग पूलमध्ये असतील.

दुसरं, एकट्या भूगोलाने समाजशास्त्र होत नाही. एनसीईआरटीने २०२४ ला सहावीचं नवीन पुस्तक काढलं त्यात इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र अशी वेगवेगळी पुस्तकं न ठेवता एकाच पुस्तकात पाच विभाग केलेत, भूमी आणि लोक, भूतकाळ, सांस्कृतिक वारसा, शासन आणि लोकशाही, आणि आपल्या भोवतीचं आर्थिक जीवन. पहिलाच धडा पृथ्वीवरचं ठिकाण कसं शोधायचं यावर आहे. ताई, तुमच्याकडे मिक्स बोर्ड आहे ना, मग हे पाच विभाग डोक्यात ठेवा, म्हणजे कुठल्याच मुलाला "हे आमच्या पुस्तकात नाही" म्हणता येणार नाही.

करून बघण्यासारखं एक सांगते. नवी मुंबई-ठाण्यात प्रत्येक तिसऱ्या घरातलं कोणीतरी बाहेर असतं, दुबई म्हणा, न्यू जर्सी म्हणा. रविवारी वर्गात दुबईच्या मामाला व्हिडिओ कॉल लावा. इथे अकरा वाजलेत, तिथे साडेनऊ. का? आता ग्लोब घ्या, मोबाईलचा टॉर्च लावा, फिरवा, कोणाकडे आधी सूर्य. मग विचारा की अरुणाचलात आणि गुजरातेत घड्याळ एकच का, सूर्य तर जवळजवळ दोन तासांच्या फरकाने उगवतो. भारत रेखांशात साधारण ३० अंश पसरलाय, म्हणजे ३० गुणिले ४, १२० मिनिटं. माझ्या वर्गात यावरून एवढं भांडण झालं की अरुणाचलच्या मुलांनी शाळेत किती वाजता जायचं हे कोण ठरवणार! तिथेच माझा नागरिकशास्त्राचा तास सुरू झाला, मला काही करावंच लागलं नाही.

फक्त ग्लोब घ्या हां, भिंतीवरचा जगाचा नकाशा नको सुरुवातीला. त्या सपाट नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं म्हणजे आफ्रिका त्याच्या चौदा पट. एकदा डोक्यात बसलं की निघत नाही.

निवृत्त_मास्तर

रागावतोय कशाला, ग्लोबचं अगदी पटलं. मामाचा कॉल तर मी चोरणार. पण बाई, ज्वालामुखी हवा असेल तर लांब कशाला जाता? पारसिकचा डोंगर, येऊर, सगळा सह्याद्री, पायाखालचा काळा दगड म्हणजे लाव्हाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पोराच्या हातात सोसायटीच्या मागचा काळा दगड द्या आणि सांगा हा एकेकाळी वाहत होता. डोळे चमकतात की नाही बघा.

घणसोलीचा_पोऱ्या

इतका वेळ वाचत होतो, आता बोलतो. आम्ही आगरी, घणसोली गावातले, सेक्टरमधले नाही. तुम्ही सगळे खाडी खाडी करताय ते नकाशातली, पण खाडीवर जगलेली माणसं अजून आहेत त्यांना विचारा ना. नवी मुंबईतल्या मुलांना वाटतं की इथे आधी काहीच नव्हतं, सिडकोने शहर बनवलं. सिडको आली १९७० मध्ये. त्याच्या आधी इथे भातशेती, मिठागरं, मासेमारी, गावं, गावदेवीच्या जत्रा सगळं होतं. ट्रान्सहार्बरच्या स्टेशनांची नावं वाचत जा, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, नेरुळ, ही सगळी गावांवरून आलेली. गाव अजून तिथेच आहे, सेक्टरच्या मधोमध, गल्ल्या वाकड्यातिकड्या, आणि बाजूचा सेक्टर पट्टीने आखल्यासारखा. दोन्हीचा नकाशा मोबाईलवर शेजारी शेजारी ठेवा आणि मास्तरांचा प्रश्न विचारा, इथल्या गल्ल्या वाकड्या का आणि तिथल्या सरळ का. एक वाढत गेलेलं, एक ऑफिसात बसून आखलेलं. यापेक्षा सोपा धडा नाही.

आणि ते आखलं कोणाच्या जमिनीवर हेपण सांगा. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या जासई भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची हे धोरण आलं. मुलांना गोळीबार सांगायचा का नाही ते तुमचं तुम्ही बघा, पण जमीन संपादन म्हणजे काय, कोणाचा फायदा, कोणाचं काय गेलं, एवढं सातवीच्या मुलाला कळतं. आमच्याकडच्या मुलांना तर पाचवीत कळतं.

आता खाडीचं. भरती-ओहोटी पुस्तकात चंद्राच्या आकृतीने शिकवतात, पोरं विसरतात. माझी आजी शाळेत गेली नाही पण तिला कॅलेंडर बघून भरती सांगता यायची. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, साधारण सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. खाडीच्या आत थोडी उशिरा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग, पाणी कमी चढतं. घरातल्या भिंतीवरच्या पंचांगवाल्या कॅलेंडरवरून मुलांना वेळ काढायला सांगा आणि मोबाईलवर भरतीचं टाइमटेबल काढून ताडून बघा, थोडा फरक येतो पण जवळपास बसते. रोज भरती साधारण ५० मिनिटं पुढे का सरकते हे मग त्यांना आपोआप विचारावंसं वाटतं.

ऐरोलीच्या खाडीजवळ वनखात्याचं जैवविविधता केंद्र आहे, तिथे कांदळवनातून जायला लाकडी वाट केलीय. फ्लेमिंगो मे अखेरपर्यंत असतात थोडेफार. ठाणे खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ ला रामसर यादीत आली. पण नुसते फ्लेमिंगोचे फोटो काढून परत येऊ नका. ओहोटीला जा. चिखलात निवट्या मासे उड्या मारताना दिसतात, तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली दिसतात. मुळं वर का? चिखलात हवा नाही म्हणून. हे इथेच का, मास्तर, बरोबर ना?

घोडबंदरची_ताई

बापरे, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. घणसोलीच्या दादा, तिथीचं गणित मी आत्ताच कॅलेंडर काढून करून बघितलं, बसतंय! आमच्या घरी हे कोणालाच माहीत नव्हतं आणि खाडी आमच्या खिडकीतून दिसते. फक्त एक, माझ्याकडच्या पालकांना फिल्ड ट्रिप म्हटलं की बस, सही, इन्शुरन्स सगळं सुचतं. क्लबहाऊसच्या बाहेर न जाता ये-जा, व्यापार वगैरे कसं दाखवू?

एपीएमसी_रोजचा

ताई, हे माझं खातं. माझा वाशी मार्केटला कांदा-बटाट्याचा गाळा आहे. पहिलं सांगतो, मुलांना पहाटे मार्केटमध्ये आणू नका. शाळावाले आणतात, पोरं मधोमध उभी राहून सेल्फी काढतात आणि मागून माथाडी डोक्यावर पन्नास किलोची गोणी घेऊन ओरडत येतो. सगळ्यांनाच त्रास. त्यापेक्षा मार्केट तुमच्या किचनमध्ये आहे.

प्रत्येक मुलाला घरातून एक वस्तू आणायला सांगा, कांदा, बटाटा, आंबा, सफरचंद, तांदूळ, हळद, काहीही. येताना भाजीवाल्याला विचारून यायचं की हे कुठून आलं. सध्या सीझन आहे म्हणून हापूस येईलच, देवगड-रत्नागिरीचा. कांदा नाशिकचा, लासलगावचं नाव ऐकलेलं असतं मुलांनी टीव्हीवर. बटाटा आग्र्याकडचा नाहीतर मंचर-तळेगावचा. सफरचंद काश्मीर किंवा हिमाचल, आणि वर स्टिकर असेल तर कधी कधी परदेशातलं निघतं. मोठा नकाशा जमिनीवर अंथरा, मास्तर म्हणतात तसा, आणि दोरा लावा, वस्तूपासून ठाण्यापर्यंत. दहा दोरे लागले की मुलांना दिसतं की सगळे वाशीला येऊन मग ठाण्याला जातायत. का? मुंबईत पूर्वी हे सगळे बाजार मशीद बंदर, दाणा बंदर, क्रॉफर्ड मार्केट असे गर्दीत होते, ट्रक शिरायला जागा नाही. मग शहराबाहेर, हायवेला, वाशीच्या खाडीपुलाच्या या टोकाला आणले. उरणजवळचं जेएनपीटीचं बंदर १९८९ ला सुरू झालं तेपण याच बाजूला. ट्रकला मुंबईत शिरावंच लागू नये असा हिशोब.

दुसरा खेळ माझ्या पोरांचा आवडता. गाडीच्या नंबरप्लेट. घोडबंदर रोडसारखा रोड नाही यासाठी, गुजरातकडून जेएनपीटीला जाणारे सगळे कंटेनर तुमच्या खालून जातात, त्या ट्रॅफिकचा काहीतरी उपयोग होऊ दे. सतराव्या मजल्यावरून प्लेट दिसणार नाही म्हणा, गेटवर वॉचमनच्या केबिनशी बसवा. एमएच ०४ ठाणे, ४३ नवी मुंबई, ४६ पनवेल, १५ नाशिक, ०९ कोल्हापूर, आणि जीजे, आरजे, केए, एचआर वेगळे. अर्धा तास मोजायचं आणि नकाशावर टिकल्या लावायच्या. जीजे सगळ्यात जास्त येणार हे मी आत्ताच सांगतो. का, ते त्यांना शोधू दे.

आणि माणसांची ये-जा विसरू नका. आमच्या मार्केटमधले माथाडी बरेचसे साताऱ्याकडचे, पाटण-जावळीचे, डोंगरातली कोरडवाहू शेती, म्हणून पोटासाठी इकडे आले. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ ला माथाडी कायदा झाला, पगार, भविष्यनिर्वाह निधी वगैरे मिळायला लागलं. मुलांना विचारा, तुमचे आजोबा कुठून आले, ठाण्याला का आले. त्या सतरा मजल्यांत ठाण्याचेच असलेले किती निघतात बघा.

मार्कांची_आई

हे सगळं वाचायला मस्त आहे पण खरं सांगा, परीक्षेत "रिकाम्या जागा भरा" येतं, त्यात काठीच्या सावलीचे मार्क आहेत का? माझ्या मुलाच्या शाळेत पुस्तकातल्यापेक्षा वेगळं वाक्य लिहिलं की अर्धा मार्क कापतात. तेव्हा ताई, निदान शेवटची पंधरा मिनिटं प्रश्नोत्तरं घ्या, पालक खूश राहतील.

खारघर_सीबीएसईवाली

घ्या की पंधरा मिनिटं, पण उलट्या बाजूने. मुलांनाच प्रश्न काढायला सांगा आणि दुसऱ्या गटाला विचारायला लावा. आमच्याकडे नकाशा भरायचे मार्क असतात आणि तिथेच सगळ्यात जास्त जातात, कारण मुलांनी नकाशात बोट कधी फिरवलेलंच नसतं. ज्याने दहा दोरे लावलेत तो नाशिक चुकवणार नाही. बाकी अर्ध्या मार्काचं माझ्याकडे पण औषध नाही हो.

शहापूरहून

मी शहापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. एक विषय राहिला म्हणून लिहितोय. पाणी.

घोडबंदरच्या मुलांना विचारा, नळ सोडला की पाणी कुठून येतं. "टाकीतून" म्हणतील. टाकीत कुठून, "महापालिकेतून". त्यांना मागे मागे न्या. ठाण्याला बरंचसं पाणी भातसा धरणाचं, ते आमच्या तालुक्यात. मुंबईला जाणारं भातसा आणि तानसा, तेही आमच्याच तालुक्यातून. नवी मुंबईचं स्वतःचं मोरबे धरण, पण ते रायगड जिल्ह्यात खालापूरकडे. आणि आत्ता एप्रिल-मे मध्ये आमच्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो. माझ्या वर्गातल्या मुली सकाळी हंडा घेऊन विहिरीवर जाऊन मग शाळेला येतात, जलवाहिनी त्यांच्या गावाजवळून गेलेली. वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणारा भाग आहे हा. सोलापूरला पाच-सहाशे पडतो. मग इथे टँकर का? काळा कातळ, तीव्र उतार, पाणी मुरत नाही, वाहून जातं, हा भूगोल झाला. धरण भरतं तरी पाड्याला मिळत नाही, कारण ते कोणासाठी बांधलं आणि वाटप कोण ठरवतं, हे नागरिकशास्त्र. पाड्यावर बहुतेक आदिवासी, ठाकूर, वारली, कातकरी, हा समाज. एकाच नळात सगळा विषय येतो, वेगळे तास पाडायची गरज नाही.

जिल्ह्याचं पण जाता जाता सांगा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, आता ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले, ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर. शहरातल्या मुलांना शेवटचे दोन आठवत नाहीत, आणि आकाराने सगळ्यात मोठा आमचाच.

वाटलं तर असं करा, तुमच्या मुलांनी आमच्या मुलांना पत्र लिहायचं. साधं, पोस्टाने. आमच्याकडे किती वाजता पाणी येतं, किती वेळ येतं, दिवसाला किती बादल्या लागतात. आमची मुलं उत्तर देतील. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते तेव्हा पाठवा, शाळेचा पत्ता तुम्हाला वेगळा कळवतो.

घोडबंदरची_ताई

सर, पत्रांचं नक्की. मी आत्ता हे नवऱ्याला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला आपण किती बादल्या वापरतो ते आधी आपण मोजूया, मग मुलांना सांग. कालपासून मोजतोय, आकडा इथे लिहायला लाज वाटते.

माझं आता असं ठरलंय. येत्या रविवारी नकाशा जमिनीवर आणि सोबत किचनमधल्या वस्तू, दोरे. त्याच्या पुढच्या रविवारी दुबईचा मामा, ग्लोब ऑर्डर केलाय. काठी १६ मेच्या आसपास, त्यासाठी सेक्रेटरींकडे गच्चीची किल्ली मागितली तर ते म्हणाले लेखी अर्ज द्या, कमिटीत ठेवतो. तर अर्ज मीच न लिहिता मुलांकडूनच लिहून घेणार आहे, अर्ज कोणाला, निर्णय कोण घेतं, नाही म्हणाले तर पुढे कुठे जायचं. पाचवीतला एक मुलगा आत्ताच विचारतोय की आपण मतदान घेऊया का.

मास्तर, एक शंका. मे महिन्यात दुपारी आकाश ढगाळ निघालं तर?

निवृत्त_मास्तर

१६ तारीखच धरून बसू नका. आदल्या-नंतरच्या दोन-तीन दिवसांत सावली इतकी आखूड असते की मुलांना फरक कळत नाही. रोज बाराला वर जाऊन पाऊण वाजेपर्यंत बघा, पोरांना टोप्या आणि पाणी द्या, गच्ची तापलेली असते तेव्हा चपला काढू देऊ नका. तेही हुकलं तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य परत डोक्यावर येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढगांशिवाय काही दिसायचं नाही, म्हणून मे मध्येच उरका. काठी ओळंब्याने सरळ लावा, दोऱ्याला नट बांधला तरी चालतो. आणि अर्ज मंजूर झाला का तेवढं कळवा.

घणसोलीचा_पोऱ्या

नाही झाला तर आमच्या गावात या, गच्चीला कुलूप नसतं.

घोडबंदरची_ताई

मतदान झालं, अर्ज गेला. सह्या अठरा मुलांच्या आणि एक वॉचमन काकांची, त्यांना पण सावली बघायचीय म्हणे.